ठमी उठायला बघते

पत्र:

ताई, नमस्कार. मी नाशिकचा, बँकेतून निवृत्त, वय ६७. आमच्याकडे पेम्ब्रोक कॉर्गी जातीची दोन कुत्री आहेत. थोरली ठमी १२ वर्षांची. लेकीने हौसेने आणली आणि लग्न करून जर्मनीला जाताना आमच्या पदरात टाकली. 'सहा महिन्यांत घेऊन जाते' म्हणाली होती, त्याला सात वर्षं झाली. धाकटा गोट्या ३ वर्षांचा, तो मात्र आमचाच मूर्खपणा. गेले पाच महिने ठमीचे मागचे पाय लटपटतात. चालताना नखं फरशीला घासल्याचा आवाज येतो. कधी पाऊल उलटं पडतं आणि तिला पत्ताच नसतो. हॉलमध्ये दिवसातून पाच-सहा वेळा घसरून बसते. डॉक्टर म्हणाले, वय झालं, कॅल्शियम द्या. गोट्या तिच्या मागच्या पायांना चावे काढतो. रात्री तीनला उठून ती भुंकते. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की आवाज ऐकून उठायला बघते आणि पडते, ते बघवत नाही. लेक म्हणते, मी डिसेंबरात येतेय, तोवर काही करू नका. सोसायटीतले म्हणतात, कशाला हाल करता, सोडवा तिला. आमची ही म्हणते, मुक्या जिवाला मारण्याचं पाप या घरात होणार नाही. ठमी खाते छान. वजन १६ किलो. काय करावं?
– ठमीचे आजोबा

उत्तर:

ठमीच्या आजोबांना नमस्कार.

अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त धीर देणारं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: ठमी खाते छान. लेकीचा आवाज आला की उठायला बघते, हे दुसरं. तुम्हाला त्यात तिचं पडणं दिसतं, मला उठायला बघणं दिसतं. सोसायटीतल्या मंडळींना चहा पाजा आणि विषय बदला. 'सोडवायचं का' हा प्रश्न कधी ना कधी येईल, आणि त्याबद्दल मी पुढे लिहिलंच आहे, पण आज तो प्रश्न नाही. आजचा प्रश्न तुमच्या हॉलमधली फरशी हा आहे.

आधी सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. माझ्याकडे बंड्या नावाचा कॉर्गी साडेतेरा वर्षं होता आणि त्याची शेवटची दीड वर्षं ठमीसारखीच गेली. त्यामुळे नखांचा तो आवाज तुम्ही लिहिलात आणि मला इथे बसल्या बसल्या ऐकू आला. खर्र, खर्र, थांबा, खर्र.

ठमी उभी असताना एक करून बघा. दुसऱ्या कुणाला तरी तिला पोटाखालून हलकेच धरायला सांगा. मग मागचं एक पाऊल उचलून उलटं टेकवा, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला लागेल असं. धडधाकट कुत्रं ते तत्क्षणी सरळ करतं. ठमीने ते तसंच ठेवलं, किंवा दोन-तीन सेकंद लावले, तर पायाचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीये. दोन्ही पायांचं बघा, बहुतेक एक बाजू जास्त मंद निघेल. कॅल्शियमने यात काही होणार नाही, कारण दुखणं हाडात नसून मज्जारज्जूत असण्याची शक्यता जास्त आहे.

पेम्ब्रोक कॉर्गीत म्हातारपणी एक आजार बऱ्यापैकी दिसतो, डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. मज्जारज्जूतले तंतू हळूहळू झिजत जातात. सुरुवात मागच्या पायांपासून होते, मग ते पाय पूर्ण जातात, नंतर लघवी-शीवरचा ताबा, आणि फार पुढे गेलं तर पुढचे पायही. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी यामागचा जनुकीय दोष शोधला. तो ज्या जनुकात आहे त्याच जनुकातल्या दोषांमुळे काही माणसांना एएलएस होतो. स्टीफन हॉकिंग यांना जो आजार होता, तोच. यावर औषध नाही. पण आजोबा, यात वेदना नसते. ठमी पडते तेव्हा तुमच्या पोटात खड्डा पडतो, तिला मात्र नुसतं 'हे काय मध्येच' असं होत असतं. बंड्या पडायचा, माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा चेंडूकडे बघायचा.

पण हाच आजार आहे असं पत्रावरून म्हणता येत नाही. डॉक्टरांनाही तो थेट सिद्ध करता येत नाही, बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढत तिथवर यावं लागतं. म्हणून 'वय झालं' या उत्तरावर थांबू नका. वय हा आजार नव्हे. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासायला सांगा. आत्ता श्रावण चालू आहे, गोचिडांचे दिवस. आपल्याकडे गोचीड ताप इतका आहे की अशक्तपणाचं काहीही दिसलं की एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांतून पसरणारे जंतू आधी बघावेत. त्याच रक्तात किडनीचे आकडे आणि थायरॉइड बघून घ्या. थायरॉइड मंद असेल तर वजन वाढतं, अंगात जोर राहत नाही आणि रोजच्या गोळीने फरक पडतो. लघवीचीही तपासणी करा. रात्री तीनचं भुंकणं कधी कधी लघवीच्या जंतुसंसर्गातून निघतं. कंबरेचा एक्स-रे काढा, सांधे कळतील. एमआरआयचं विचाराल तर त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. शिवाय मणक्याचं ऑपरेशन करण्याची तुमची तयारी असेल तरच त्याचा उपयोग. पाच महिने हळूहळू वाढलेल्या, न दुखणाऱ्या दुखण्यासाठी १२ वर्षांच्या कुत्रीला कसारा घाट उतरवून मुंबईला न्यावं असं माझं तरी मत नाही. तुमच्या डॉक्टरांना मणक्यातली चकती सरकल्याची शंका आली, तर गोष्ट वेगळी.

चकतीचं मात्र लक्षात ठेवा, कारण बुटक्या पायांच्या, लांब पाठीच्या कुत्र्यांना तो धोका जन्मभर असतो. गोट्यालाही आहे. चकती सरकली की ते अचानक होतं. सकाळी बरं असलेलं कुत्रं संध्याकाळी पाठ कमानीसारखी करून उभं राहतं, थरथरतं, उचलायला गेलं की केकाटतं, किंवा मागचा भाग एकदम लुळा पडतो. असं झालं तर उद्यावर टाकू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. तिथे तास मोजावे लागतात.

आणि घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल नाही, आयब्युप्रोफेन नाही, डायक्लोफेनॅक तर नाहीच. गुडघेदुखीची अर्धी गोळी कुत्र्याच्या जठराला भोक पाडू शकते आणि किडनी घालवू शकते. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं आणि दुसऱ्या कुणी स्टेरॉइड दिलं, तर दोघांना एकमेकांचं सांगा. ही दोन औषधं एकत्र पोटात जाता कामा नयेत.

आता फरशी. तुमच्या हॉलमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स असणार, पैज लावते. ज्याला आपला मागचा पाय कुठे आहे तेच कळत नाही, त्याला त्यावर उभं करणं म्हणजे आपल्याला तेल सांडलेल्या ओट्यावर उभं करण्यासारखं. ठमीची दिवसभराची वाट बघा: झोपायची जागा, पाण्याचं भांडं, तुमची खुर्ची, बाल्कनीचं दार. कॉर्गी माणसांसारखीच, रोज त्याच वाटेने जातात. त्या वाटेवर पट्टा अंथरा. मी रबराच्या मॅट आणल्या होत्या, पण खरं काम केलं ते आईच्या जाड सतरंजीने आणि काथ्याच्या पायपुसण्यांनी. सतरंजीखाली जाळीचं रबर घाला, नाहीतर सतरंजीसकट कुत्रं घसरतं. पंजाच्या गाद्यांमधले केस दर पंधरा दिवसांनी कापा. कॉर्गीला तिथे इतके केस येतात की ती मोजे घालूनच फिरत असते. वरून आपण विकतचे मोजे घालू नयेत. मी घातले होते. बंड्याचा पाय मोज्याच्या आत फिरला आणि तो स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसला.

सोफ्यावरून उडी बंद, दोघांचीही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि पाठ टेबलासारखी आडवी. लहान मुलाला काखेतून उचलतो तसं अजिबात नको. ते फोटोत गोड दिसतं आणि पाठीचं वाटोळं करतं. बाहेर नेताना पंचा किंवा जुनी ओढणी मागच्या मांड्यांच्या पुढून पोटाखाली घ्या आणि दोन्ही टोकं हातात धरा. वजन उचलायचं नाही, नुसता आधार. दिवसातून तीन-चारदा, पाच-सात मिनिटं, मातीवर किंवा गवतावर. चालत राहिलेल्या कुत्र्याचे स्नायू जास्त टिकतात, आणि या आजारात तेवढंच आपल्या हातात आहे. फिजिओथेरपी करणारे डॉक्टर मिळाले तर एकदा जाऊन घरी करायचे व्यायाम शिकून या. पाय पूर्ण जाण्याआधीच चाकाच्या गाडीचं माप द्या. बंड्याला गाडी मिळाली तेव्हा तो पहिले दहा मिनिटं पुतळ्यासारखा उभा होता. अकराव्या मिनिटाला समोरून मांजर गेलं.

वजनाबद्दल मात्र तुमच्याशी आणि त्याहून जास्त आजींशी भांडायचं आहे. पेम्ब्रोक मादीचं वजन साडेबारा किलोच्या आत असावं. ठमी १६. म्हणजे साठ किलोच्या माणसाने गॅसचा रिकामा सिलिंडर पाठीला बांधून घरभर फिरावं, तेही लुळ्या पायांनी. चहाच्या वेळेचं मारी बिस्किट आणि तूप लावलेली पोळी कुठून येते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी मराठी घरात वाढले आहे. चहाची वेळ मोडू नका, ती तिची हक्काची आहे. बिस्किटाच्या जागी काकडीची चकती द्या, गाजर द्या, वाफवलेली फरसबी द्या. कोरडं खाणं अंदाजपंचे न घालता वजन करून घाला आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. महिन्याला अर्धा किलो उतरलं तरी पुरे. उकडलेलं अंडं, चिकन मात्र कमी करू नका, किडनीचे आकडे चांगले असतील तर म्हातारीला स्नायूंसाठी ते लागतं. बरगड्या हाताला सहज लागल्या की समजा जमलं.

नाशिकचे आहात म्हणून खास: द्राक्षं नाहीत. एकही नाही. बेदाणेही नाहीत. द्राक्षाने कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती खाल्ली की पडेल याचा नेम नाही. श्रावणात घरोघर सत्यनारायण, आणि प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. ठमीला प्रसाद नाही म्हणून देव रागावणार नाही.

आता गोट्याबद्दल ऐका. शेजारीपाजारी तुम्हाला 'राणीचं कुत्रं' म्हणत असतील. एलिझाबेथ राणीला १९४४ साली अठराव्या वाढदिवसाला सुझन नावाची कॉर्गी मिळाली आणि तिच्या वंशावळीत राणीने पुढे तीसहून जास्त कॉर्गी पाळल्या, त्यामुळे ही जात गादीवर लोळणारी वाटते. मुळात ती वेल्समधल्या शेतकऱ्यांची गुरं हाकणारी जात आहे. गाय मागे रेंगाळली की तिच्या खुराच्या वर चावा काढायचा आणि लाथ आली की खाली दबायचं, ती डोक्यावरून जाते. पाय आखूड आहेत ते त्यासाठी. गोट्याच्या लेखी ठमी ही कळपात मागे पडलेली गाय आहे. तो दुष्ट नाही, ड्यूटीवर आहे. पण ड्यूटी थांबवावी लागेल, कारण पाय बधिर असेल तर ठमीला जखम झालेलीही कळणार नाही. रोज संध्याकाळी तिचे मागचे पंजे आणि घोटे हात फिरवून बघा, घासलेल्या नखांतून रक्तही येतं. गोट्याला सकाळी आधी एकट्याला दमवून आणा, ठमीला नंतर काढा. लहान मुलांसाठी दाराला लावतात तसलं फाटक बसवा. तुम्ही खोलीत नसताना दोघं एकत्र नकोत.

रात्रीचं भुंकणं: अकराला एकदा लघवीला न्या, पॅसेजमध्ये झिरोचा दिवा ठेवा. या वयात ऐकू आणि दिसायला कमी येतं, जाग आल्यावर कुणी दिसलं नाही की ती हाका मारते. कोपऱ्यात तोंड करून उभी राहत असेल, किंवा दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन दार उघडायची वाट बघत असेल, तर डॉक्टरांना सांगा. माणसांना होतो तसा विसराळूपणा कुत्र्यांनाही होतो आणि त्यावर औषधं आहेत. पुढेमागे लघवी आपोआप व्हायला लागली तर पोटाखालचे आणि मांड्यांचे केस तेवढेच बारीक कापा, ओलं राहिलं की कातडी सोलवटते. उन्हाळ्यात 'गरम होतं बिचारीला' म्हणून अख्खं अंग मात्र कधी भादरू नका. लघवी थांबून राहायला लागली तर मूत्राशय दाबून रिकामं करायला डॉक्टरांकडून, त्यांच्यासमोर, हात ठेवून शिका. व्हिडिओ बघून नाही.

आता तो प्रश्न.

तुमच्या घरी कालनिर्णय असेल आणि त्यावर दुधाचा खाडा लिहीत असाल. त्याच चौकटीत रोज झोपताना ठमीचा दिवस लिहा. चांगला गेला तर बरोबरची खूण, वाईट गेला तर फुली. चांगला म्हणजे काय हे आधीच तुम्ही दोघांनी बसून ठरवा. खाल्लं, शेपटीच्या बुंध्याने का होईना आनंद दाखवला, बाहेर गेल्यावर हुंगलं, शांत झोपली. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक पद्धत मांडली होती: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांची संख्या, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय. बघा, सातातली हालचाल एकच आहे. पाय गेले तरी सहा उरतात. तुम्हाला गुण द्यायचे तर द्या, मला खुणा आणि फुल्या पुरल्या. दोन आठवडे फुल्या जास्त पडल्या की डॉक्टरांना फोन करायचा. आणि तिने खाणं सोडलं, श्वासाला कष्ट पडायला लागले किंवा अंगावर भरून न येणाऱ्या जखमा झाल्या, तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या पापाच्या कल्पनेशी मी वाद घालणार नाही. फक्त काय होतं ते सांगते, कारण न सांगितल्याने ते जास्त भयंकर वाटतं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, कुत्रं तुमच्या मांडीवर झोपून जातं. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आणि थोड्याच वेळात हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, ते आधी माहीत असलेलं बरं. काही डॉक्टर घरी येऊन करतात. तुमच्या भागात कोण येतं हे आत्ताच विचारून फोन नंबर लिहून ठेवा, त्या दिवशी शोधायची ताकद नसते. त्या वेळी गोट्याला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नंतर तिच्याजवळ येऊ द्या, हुंगू द्या. नाहीतर तो घरभर शोधत राहतो.

बंड्याच्या शेवटी मी तीन आठवडे उशीर केला. मुलाची बारावीची परीक्षा चालू होती, पेपर संपेपर्यंत काही नको असं मी ठरवलं. बंड्याच्या कंबरेला तोवर रुपयाएवढी जखम झाली होती, ती चौथ्या पेपरला वाटीएवढी झाली. तो जेवण माझ्या हातून घ्यायचा, पण चघळायचा नाही, तोंडात धरून ठेवायचा. परीक्षेत मुलाला चांगले मार्क पडले. नंतर एकदा तो म्हणाला, आई, मला सांगायला हवं होतंस.

म्हणून डिसेंबरचं वचन लेकीला देऊ नका. ठमी डिसेंबर बघेल असं मला पत्रावरून वाटतं. या आजारात कॉर्गी पुष्कळ दिवस काढतात, कारण जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्याला उचलता येत नाही आणि यांना येतं. पण चार महिन्यांनंतरच्या तारखेचा शब्द ठमीच्या वतीने तुम्ही कसा देणार? लेकीला हे पत्र वाचून दाखवा. कालनिर्णयचा फोटो दर रविवारी पाठवा, फुल्यांसकट. तिला लवकर यायचं असेल तर ते तिने आत्ता ठरवावं. आणि तिला यायला जमलं नाही तर त्याचा राग तुम्ही दोघांनी मनात धरू नये. सात वर्षं ठमीचं केलंत तुम्ही, निर्णयही तुमचाच.

फोन आज संध्याकाळीच लावा. पण खुर्चीत बसून नको. आधी सतरंजी अंथरा, ठमीला तिच्यावर घ्या, तुम्हीही शेजारी खाली बसा, आणि मग लावा. लेकीचा आवाज ऐकून ती उठायला बघेल तेव्हा पायाखाली काहीतरी असेल, आणि पोटाखाली तुमचा हात.